बाडमेरचं कोकम

जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्याला लागलं की सतरा-अठरा किलोमीटरवर आकल नावाचं ठिकाण येतं. उघड्या माळावर लोखंडी जाळीचे पिंजरे उभे केलेत, वर पत्रा. लांबून वाटतं, कुणीतरी कोंबड्या पाळल्यात. जवळ जाऊन डोकावलं तर पिंजऱ्यात लाकूड कोंडलेलं. ओंडके. सालीच्या रेघा, गाठी, फांदी जिथून फुटली तो वण, सगळं जागच्या जागी. हात लावला की मात्र गार दगड.

हे ओंडके साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचे. सगळ्यात मोठा तेरा मीटरांहून लांब. फुलं येणारी झाडं तेव्हा जन्मालाच यायची होती. ही झाडं सूचिपर्णींच्या गोतावळ्यातली. ती गाळात गाडली गेली, पाण्यात विरघळलेली सिलिका पेशीपेशीत झिरपत राहिली, आणि लाकडाचा दगड झाला. त्या काळात डायनोसोर होतेच. याच जैसलमेर भागात सापडलेल्या एका लांबमान्या शाकाहारी डायनोसोरचं २०२३ मध्ये 'थारोसॉरस' असं बारसं झालं, तो १६.७ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या नावात थरचं वाळवंट आहे, पण त्यानं ते कधी पाहिलं नाही.

माझ्याबरोबर मावशी होती. मावशी देवगडची. लग्न होऊन पुण्यात येऊन पन्नास वर्षं झाली, पण झाडांच्या बाबतीत ती अजून देवगडलाच राहते. तिनं पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, देवळात मारतात तशी, आणि बाहेरच्या खडकाळ उतारावर उगवलेल्या थोराच्या बेटाकडे बोट दाखवलं. हिरव्या काटेरी कांड्यांचा हा निवडुंग त्या उतारावर जागोजागी माजलेला होता.

"ही पिंजऱ्यातली झाडं इथली, बरोबर? मग ती कुठली?"

मी म्हटलं, "ती पण इथलीच."

"असं कसं? जंगलातलं इथलं आणि वाळवंटातलं पण इथलंच? कुणीतरी एक पाव्हणा असणार."

तिथं मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या उत्तराचा उशिरा आलेला हप्ता आहे.

राजस्थानातलं जेवण आपल्याला जड जाणार, हे मावशीनं पुण्यातच ठरवून टाकलं होतं. म्हणून तिच्या पर्समध्ये आमसुलांची एक डबी होती. दालबाटी झाली की दोन आमसुलं, गट्टे झाले की दोन आमसुलं. बाडमेरच्या धर्मशाळेत तिनं गरम पाण्यात ती कुस्करून मलाही पाजली. "इथल्या लोकांना काय माहीत कोकम," असं वर म्हणाली.

परत आल्यावर वाचायला बसले तेव्हा कळलं की बाडमेरला कोकम आणणारी मावशी पहिली नव्हे. बाडमेरजवळ कपूरडी नावाचं गाव आहे. तिथे मुलतानी माती निघते, आपण चेहऱ्याला लावतो तीच. त्या मातीच्या थरांत पानांचे आणि फळांचे ठसे सापडले. लखनपाल आणि बोस या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातलं एक पान नागचाफ्याच्या वंशातलं, मेसुआ. दुसरं गार्सिनिया, म्हणजे आपल्या कोकमाच्या वंशातलं. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी बाडमेरला कोकमाचे चुलतभाऊ उभे होते. कोकण नव्हतं तेव्हा. निदान आज आहे तसं तरी नव्हतं.

कारण सोपं आहे. भारताचा तुकडा दक्षिणेकडून निघून आशियाच्या दिशेनं सरकत होता आणि तेव्हा विषुववृत्ताच्या आसपास होता. तिथं पाऊस चुकत नाही. पुढे तो उत्तरेला सरकत राहिला आणि राजस्थान जाऊन बसलं पंचवीस ते तीस अंशांच्या पट्ट्यात. हा पट्टाच वाईट. विषुववृत्तावर तापून वर चढलेली हवा आपलं पाणी तिथेच सांडून टाकते आणि कोरडी होऊन इथे खाली उतरते. सहारा, अरबस्तान, थर हे सगळे याच उतरत्या हवेखाली आले. आपल्याकडे मोसमी पाऊस आहे म्हणून बरं, पण तोही जैसलमेरला पोचेपर्यंत थकलेला असतो.

मग वाळू किती जुनी? राजस्थानातल्याच डिडवाण्याच्या टेकडीतली वाऱ्यानं रचलेली वाळू साधारण दोन लाख वर्षांच्या घरातली निघाली. बिकानेरजवळच्या लूणकरणसरच्या तळ्यात तर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपर्यंत पाणी टिकून होतं. सहारातल्या चाडमध्ये वाळूच्या टेकड्यांचे सत्तर लाख वर्षांपूर्वीचे पुरावे आहेत, आणि तोच सहारा अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ होता, तिथे पाणघोडे डुंबत होते. म्हणजे वाळवंट येतं, जातं, पुन्हा येतं. दोन लाख वर्षं आपल्याला फार वाटतात, पण नवा जीव मुळापासून घडवायला ती फार अपुरी आहेत. पेन्शनीला आलेल्या माणसानं पंधरा दिवसांत नवा धंदा शिकावा, तशातली गत.

मावशीचा प्रश्न म्हणूनच बरोबर होता. थरमध्ये जे जे आहे, ते बरंचसं दुसरीकडून आपलं सामान घेऊन आलेलं आहे. आणि ते सामान वाळवंटासाठी बांधलेलंच नव्हतं. मला यातला सगळ्यात मोठा धक्का उंटानं दिला.

जैसलमेरजवळ सम नावाच्या गावी वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे आम्ही उंटावर बसलो. म्हणजे मी बसले. मावशी म्हणाली, "मी खालूनच बघते, उंटावरची शहाणी तू हो." उंट उठताना आधी मागून उठतो, माणूस पुढे कलंडतो, आणि आपण सावरतोय तोवर तो पुढून उठतो. एकदा चालायला लागला की मी खाली त्याच्या पायांकडे बघत राहिले. पाऊल वाळूवर टेकलं की पसरतं. भाकरी थापताना हाताखाली गोळा पसरतो ना, अगदी तसं. खूर असे नाहीतच. दोन नखं पुढे आणि मागे सगळी मऊ गादी. उंटवाल्याला मी म्हटलं, वाळवंटासाठीच बनवलाय देवानं. तो म्हणाला, "हां बाईसा, रेगिस्तान का जहाज." हे वाक्य त्यानं त्या दिवसात शंभरदा म्हटलं असणार.

आता या जहाजाची बंदरं बघा. उंटाचं घराणं उत्तर अमेरिकेतलं. चारेक कोटी वर्षांपूर्वी तिथल्या जंगलांत सशाएवढा एक प्राणी हिंडत होता, प्रोटायलोपस. तो या घराण्याचा आद्य पुरुष. पुढची बहुतेक सगळी वर्षं उंट अमेरिकेतच होते. तिथेच त्यांच्या दोन शाखा झाल्या. एक दक्षिणेला गेली, तिचे आजचे वारस लामा आणि अल्पाका, अँडीजच्या गारठ्यात लोकर देणारे. दुसरी शाखा सत्तरेक लाख वर्षांपूर्वी अलास्का आणि सायबेरिया यांच्यामधल्या जमिनीवरून आशियात उतरली. भारतातही आली: फाल्कनर आणि कॉटली या जीवाश्म शोधणाऱ्या जोडीला हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत उंटाची हाडं मिळाली आणि १८३६ मध्ये त्यांनी त्या जातीला शिवालिकचं नाव दिलं. अमेरिकेत मात्र बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी उंट संपले. इतके संपले की १८५६ मध्ये अमेरिकी सैन्यानं टेक्सासमध्ये तीसहून जास्त उंट जहाजानं आणून उतरवले, तेव्हा लोक या विचित्र परदेशी जनावराला बघायला जमले. माहेरी आलेल्या लेकीला कुणी ओळखू नये, तसं झालं.

खरी गोष्ट याच्याही उत्तरेला आहे. कॅनडाच्या अगदी वरच्या टोकाला, ७८ अंशांवर, एलस्मिअर बेट आहे. तिथे नताल्या रिबचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००६ पासूनच्या मोहिमांत एका हाडाचे तीसेक तुकडे मिळाले. पायाचं हाड. इतके बारीक तुकडे की बघून प्राणी ओळखणं कठीण. हाडातलं कोलॅजन नावाचं प्रथिन शिल्लक होतं, त्यावरून उंट निघाला. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वय जवळजवळ ३५ लाख वर्षं, आणि आकार आजच्या उंटापेक्षा तीसेक टक्क्यांनी मोठा. तेव्हा ते बेट आजच्याइतकं गोठलेलं नव्हतं, पण लांबलचक हिवाळा होता, महिनोन् महिने काळोख होता आणि लार्च या सूचिपर्णी झाडांची जंगलं होती. त्या जंगलात बर्फातून हा उंट चालत होता.

त्या शोधकांनी एक अंदाज मांडला आणि मला तो पटतो. पसरट पाऊल भुसभुशीत वाळूत जितकं कामाचं, तितकंच भुसभुशीत बर्फातही. पाठीवर चरबीचा साठा सहा महिन्यांच्या काळोखात, चारा मिळत नसताना, जीव जगवतो. मोठे डोळे अंधुक उजेडात लागतात. आपण उंटाची मदार बघून 'पाण्याची टाकी' असं शाळेत शिकलो. तिच्यात पाणी नसतंच, चरबी असते, आणि ती चरबी कदाचित बर्फाळ रात्रींसाठी साठवायला शिकलेल्या पूर्वजांची देणगी असेल. मदारीचा सांगाडा उरत नाही, त्यामुळे एलस्मिअरच्या उंटाला ती होती हे हाड सांगू शकत नाही. पण गोबीतल्या दोन मदारींच्या रानटी उंटाला उणे चाळीसच्या थंडीत बर्फ खाऊन तहान भागवताना बघितलं, तर हा अंदाज फारसा ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

याहून भक्कम साक्ष रक्ताची आहे. आपल्या तांबड्या पेशी गोल चकत्यांसारख्या. उंटाच्या लंबगोल. उंट दहाएक मिनिटांत शंभर लिटर पाणी पितो, तेव्हा रक्त एकदम पातळ होतं. दुसऱ्या प्राण्याच्या पेशी फुगून फुटल्या असत्या, उंटाच्या पेशी दुपटीहून जास्त फुगतात आणि टिकतात. वाळवंटासाठी यापेक्षा नेमकी करामत कोणती? पण लामाच्या पेशीही लंबगोलच असतात. अल्पाकाच्याही. अँडीजच्या थंड पठारावर, झऱ्याकाठी चरणाऱ्या अल्पाकाला हे कशाला हवं होतं? म्हणजे दोन शाखा अमेरिकेत वेगळ्या होण्याआधीच ही पेशी घराण्यात आली होती. आजीच्या पेटीतला दागिना दोघी नातींकडे निघावा, तसं. एकीनं तो रोज घातला, दुसरीनं नुसता जपला.

स्टीफन जे गूल्ड आणि एलिझाबेथ व्हर्बा या जीवाश्मशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये अशा प्रकाराला एक नाव दिलं: एक्झॅप्टेशन. एका कामासाठी घडलेली गोष्ट दुसऱ्याच कामाला लागणं. मराठीत पारिभाषिक शब्द असेलही, मला मात्र गोधडी आठवते. साडी विणणाऱ्यानं थंडीचा विचार केला नव्हता. साडी मिरवायला विणली, नेसून विरली, मग कुणीतरी तिच्या घड्या घालून टाके घातले आणि ती पांघरूण झाली. वाळवंटातले जीव मला असे गोधडीसारखे वाटतात. कापड दुसरीकडचं, टाके मात्र वाळवंटाचे.

टाके कुठले, तेही सांगायला हवं, नाहीतर उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल. क्नुट श्मिट-नील्सन हा शरीरशास्त्रज्ञ १९५३-५४ च्या सुमारास सहारातल्या बेनी अब्बेस या गावी जाऊन राहिला आणि उंटांच्या शरीराचं तापमान मोजत बसला. पाणी न मिळालेल्या उंटाचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी ४० च्या वर चढतं. आपण असे तापलो तर डॉक्टर बोलावतील. उंट घाम गाळून अंग थंड करण्याऐवजी दिवसाची उष्णता अंगात साठू देतो आणि रात्री फुकट सोडून देतो. एवढ्यानंच रोजचं पाचेक लिटर पाणी वाचतं. ही चिकाटी मला वाळवंटानं घातलेल्या टाक्यासारखी वाटते. आणि तोच उंट कच्छमध्ये समुद्रात उतरतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही: तिथले खाराई उंट खाडी पोहून पार करतात आणि बेटांवरची तिवरं खातात. जहाज म्हणायचं तर त्यांना म्हणावं.

प्राण्यांकडून झाडांकडे येते, कारण मावशीनं बोट झाडाकडे दाखवलं होतं.

आपण मराठीत दोन अगदी निराळ्या घराण्यांना 'निवडुंग' म्हणतो. एक फड्या निवडुंग, हाताच्या पंजासारख्या जाड फडांचा, लाल बोंडांचा. दुसरा त्रिधारी, चौधारी, थोर, शेर वगैरे, ज्याला खरचटलं की पांढरा चीक वाहतो. फड्या अमेरिकेतला, कॅक्टसच्या घराण्यातला. थोर युफोर्बियाच्या घराण्यातला, म्हणजे एरंडाचा नातेवाईक. आकलच्या उतारावर होता तो थोर. दोघांचं रूप इतकं सारखं की आपण एकच नाव देऊन मोकळे झालो. दोघांनी पानं टाकली, खोड हिरवं आणि मांसल केलं, काटे काढले. पण एकमेकांना न विचारता, एकानं अमेरिकेत आणि दुसऱ्यानं आफ्रिका-आशियात. ओळखायचं तर नखानं ओरखडा काढावा: चीक आला की बहुधा युफोर्बिया. (डोळ्यांपासून लांब. तो चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो.) फुलं बघितली की मग तर शंकाच उरत नाही. कॅक्टसचं फूल झगझगीत, मोठं, लग्नातल्यासारखं. थोराचं इतकं लहान की फूल म्हणायला चष्मा लागतो.

फड्याची एक आठवण आजोबांच्या पिढीकडे होती. गावकुसाबाहेर, शेतांच्या बांधांवर एकेकाळी त्याची रानं माजली होती. त्यामागे एका किड्याची गोष्ट आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा फड्यावर वाढतो. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलमधून किडा आणला, आणि तो निघाला दुसराच! रंग काही कामाचा नाही, पण झाड मात्र फस्त करणारा. तण मारायला कीटक वापरण्याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून ही चूक आता पाठ्यपुस्तकांत आहे. दुसऱ्या जातीचा फड्या मारायला १९२६ मध्ये श्रीलंकेहून मुद्दाम दुसरा किडा आणला, तेव्हा चूक नव्हती. असो. मी फार लांब गेले.

कॅक्टसचं घराणं सुमारे साडेतीन कोटी वर्षांचं, जन्म दक्षिण अमेरिकेतला. पण आपण ज्यांना कॅक्टस म्हणून कुंडीत लावतो त्यांची खरी पिलावळ वाढली ती गेल्या एक कोटी ते पन्नास लाख वर्षांत, जग कोरडं होत गेलं तेव्हा. त्याच सुमारास आपल्या शिवालिकच्या पायथ्यालाही जंगल मागे हटून गवताळ प्रदेश पसरत होते. मग आधीची अडीच कोटी वर्षं कॅक्टस काय करत होते? याचं उत्तर पेरेस्किया नावाच्या झाडात आहे. हा कॅक्टसच, पण साध्या झाडासारखा: लाकडी खोड, चपटी हिरवी पानं. बघून कुणी कॅक्टस म्हणणार नाही. त्याच्या पाण्याच्या हिशोबाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दिसलं की हे पानांचं झाडही पाण्याच्या बाबतीत भलतंच चिक्कू आहे. म्हणजे गोलमटोल काटेरी रूप नंतर आलं. काटकसर आधी आली. आमच्या घरात श्रीमंती आल्यावरही मावशीनं साबणाचे तुकडे चिकटवायचं सोडलं नाही, त्याची आठवण झाली. इथे क्रम उलटा, गरिबी यायच्या आधीपासूनच तुकडे चिकटवणं चालू.

आणि या काटकसरीतली सगळ्यात सुंदर युक्ती पुण्यात मावशीच्या बाल्कनीत आहे. पानफुटी. पान मातीवर टाकलं की कडेनं पिल्लं फुटतात ती. मूळची मादागास्करची, पण आता कोणत्या बाल्कनीत नाही?

१८१३ च्या सुमारास बेंजामिन हाइन नावाच्या, दक्षिण भारतात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीची पानं चाखून लंडनला एक पत्र पाठवलं. ही पानं सकाळी आंबट लागतात, दुपारी बेचव आणि संध्याकाळी जराशी कडवट, असं त्यात आहे. का, ते त्याला कळलं नव्हतं. कळायला दीडएकशे वर्षं गेली. झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायला पानांची बारीक छिद्रं उघडावी लागतात, आणि दिवसा ती उघडली की पाणी उडून जातं. म्हणून ही झाडं रात्री उघडतात. रात्री सूर्य नाही, साखर बनवता येत नाही, मग घेतलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. सफरचंदात असतं तेच आम्ल. सकाळी छिद्रं बंद, आणि दिवसभर आतल्या आत आम्ल मोडून साखर. म्हणून पहाटे आंबट, दुपारी बेचव. कॅक्टस हेच करतात, थोर हेच करतो, अननसही हेच करतो. रात्री बाजार करायचा आणि दिवसा दार लावून स्वयंपाक.

मला वाटत होतं, ही तरी निखळ वाळवंटी युक्ती. तेवढ्यात आयसोएटिस मध्ये आलं. ही गवतासारखी दिसणारी, फुलं न येणारी अतिप्राचीन पाणवनस्पती. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर, पाचगणीच्या टेबललँडवर पावसाळी डबक्यांत तिच्या जाती उगवतात. जॉन कीली या शास्त्रज्ञाला १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डबक्यांत वाढणाऱ्या एका आयसोएटिसमध्ये तीच रात्रीची आम्लसाठवण सापडली. पाण्यात बुडालेल्या झाडात! तिथे टंचाई पाण्याची नसून कार्बन डायऑक्साइडची: दिवसा सगळ्या पाणवनस्पती तो ओढून घेतात, रात्री तो पुन्हा साचतो. म्हणून ही बया रात्री खरेदी करते. वाळवंटी झाडांना ही युक्ती आयसोएटिसनं दिली असं नाही. ती अनेक घराण्यांत अनेकदा स्वतंत्रपणे उभी राहिली आहे. पण लागणारी एन्झाइमं बहुतेक सगळ्या हिरव्या झाडांत आधीपासून असतात, किरकोळ कामांसाठी. त्यांच्या वेळा बदलल्या की झालं. कापड घरोघरी पडलेलं आहे, गरज पडेल तिथे टाके घालायचे.

आणखी एक उदाहरण, ओझरतं. खिडकीवरच्या कबुतराची विष्ठा पांढरी का असते? ते युरिक आम्ल आहे. आपण मूत्रातून भरपूर पाणी घालवतो. पक्षी आणि सरडे घट्ट पांढरा लगदा टाकून पाणी वाचवतात. थरमधला सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा आयुष्यभर जवळजवळ पाणी न पिता राहतो तो याच्या जोरावर. पण सरपटणाऱ्यांकडे ही सोय थरच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून आहे. बंद अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाला स्वतःची घाण कुठेतरी निरुपद्रवी करून ठेवायची होती, त्यातून ती आली असावी, असं एक मत आहे. सोसायटीतले लोक ज्याला शिव्या देत खिडक्या धुतात, ते खरं तर जगण्याचं मोठं हत्यार आहे. हे सोसायटीच्या सभेत मी बोलले नाही.

आता वाळवंटाला त्याचं श्रेय द्यायला हवं, कारण काही टाके इतके बारीक आहेत की नुसतं 'कापड दुसऱ्याचं' म्हणणं कद्रूपणाचं होईल. सासवडच्या पुढच्या माळांवर पखुर्ड्या दिसतात. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी. उडेपर्यंत दिसत नाही. थरमध्ये त्या खूप. एका इंग्रज पक्षिपालकानं, मीड-वाल्डो त्याचं नाव, १८९६ मध्ये लिहिलं की नर पखुर्डी पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी नेते. पुढची सत्तर वर्षं अनेक जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या पखुर्ड्यांवर काम करून दाखवलं की तो खरं बोलत होता. नराच्या पोटावरच्या पिसांचे तंतू कोरडे असताना पिळलेले असतात. भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. पंचवीसेक मिलिलिटर, म्हणजे पाच चमचे. ते घेऊन नर कित्येक किलोमीटर उडतो आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसं चोखतात. पीस जुनंच आहे, उडण्याच्याही आधीचं, डायनोसोरांच्या अंगावरचं. पण तो पीळ वाळवंटानं घातलेला आहे, आणि कुठल्याही दुसऱ्या पक्ष्यात असा सापडत नाही.

परतल्यावर मी मावशीला हे सगळं दोन संध्याकाळी बसून सांगितलं. उंट आणि बर्फ तिला फारसं पटलं नाही. कपूरडीचं कोकम एकदम पटलं. "मग, सांगत होते ना," असं ती म्हणाली, जणू काही तीच सांगत होती. पानफुटीचं ऐकून मात्र ती उठलीच. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. म्हटलं, आत्ता नाही, पहाटे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तिनं मला उठवलं. बाल्कनीत अजून काळोख होता. तिनं एक पान तोडलं, अर्धं मला दिलं. नुसतं चघळायचं, गिळायचं नाही, असं मी दोनदा बजावलं होतं. आंबट होतं. चांगलंच आंबट. दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा एक पान; ते नुसतं हिरवं, ओल्या गवतासारखं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिसरं.

"कडू लागतंय का गं?" तिनं विचारलं.

मला काही नक्की सांगता येईना. मी चौथ्या पानाला हात घातला, तशी तिनं कुंडी मागे ओढली.

"पुरे आता. झाडाला रात्री बाजारात जायचंय."